रेघेला लागलेला पाय

लितियानाच्या गळ्यावरचा वळ तिच्या सख्ख्या मामाने उठवला होता, आणि तोही भर दुपारी, दोन गावांच्या देखत. त्यानंतर आठवडाभर नालोमा गावात दुसरा विषय नव्हता. पण लोक बोलत होते ते वळाबद्दल नव्हे. आकोसिताच्या पोरीने आजोळाच्या हातातला सामना घालवला, याबद्दल बोलत होते.

लितियाना तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. हाडापेराने आईसारखीच रुंद, चालताना डावा गुडघा जरासा बाहेर टाकणारी. तो गुडघा रग्बीत गेला होता. त्याआधी ती मुलींच्या संघात कडेने पळायची, आणि ती पळायला लागली की नालोमाचे म्हातारे यांगोना या मुळ्यांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाने भरलेली करवंटी ओठाशी तशीच धरून बघत राहायचे. गुडघा गेला, खेळ सुटला. मग तिला रस्त्याच्या कामावर नोकरी लागली. लंबासा शहराकडे जाणारा डोंगरातला रस्ता जिथे उखडलेला असेल तिथे उन्हात उभं राहायचं, हातात दांड्याला लावलेली गोल पाटी. एका अंगाला ‘थांबा’, दुसऱ्या अंगाला ‘हळू जा’. ओंडक्यांचे ट्रक, उसाचे ट्रक, शाळेची बस, सगळे तिच्या मनगटाच्या एका झटक्यावर थांबत.

“तोंड न उघडता पुरुषांना थांबवणारी बाई बेटावर ही एकच,” असं तिचा मामेभाऊ सावेनाथा म्हणायचा. तो त्याच रस्त्यावर ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. मामेभावंडांनी एकमेकांची टर उडवायची ही तिथली रीतच. न उडवली तर लोक विचारतात, भांडलात की काय.

शिट्टी तिच्या गळ्यात आली ती शाळेतल्या विलिकेसा सरांमुळे. मैदानाच्या कडेला चटईवर बायकांत बसून ती इतकी चडफडायची, पंचांच्या एवढ्या चुका काढायची, की एकदा सर वैतागून म्हणाले, “तुला सगळं दिसतं ना, मग ये आत.” दोन दिवसांचं शिबिर झालं. चौदा जणांत ती एकटी बाई. पहिलं वर्ष शाळेच्या पोरांचे सामने, मग बायकांचे, मग पुरुषांचे. पुरुषांच्या सामन्याला तिने पहिल्यांदा शिट्टी मारली त्या दिवशी पलीकडून कुणीतरी ओरडलं होतं, “बाई, चुलीवर कसावा करपतोय, घरी जा.” लोक हसले होते. लितियानाही हसली होती. पण त्या हसण्याचा राग तिच्या पोटात बरेच दिवस राहिला.

सगळ्यात जास्त आरडाओरडा करायची ती तिची आई. आकोसिता सामन्याच्या दिवशी केळीच्या पानात बांधलेला, नारळाच्या दुधातला मासा आणि उकडलेला कसावा विकायला बसायची, आणि हात चालू ठेवून तोंडही चालू ठेवायची. “लितियाना, मागे बघ. मागे. देवाने मान कशाला दिलीय?” लेकीचं कौतुक तिने कधी केलं नाही. तिचा स्वभावच तसा. नवरा, इलिएसा, समुद्राने नेला तेव्हा लितियाना सहा वर्षांची होती. आकोसिताने दुसरं लग्न केलं नाही. ओहोटीला जाळं घेऊन खडकांवर जायची, लेकीला पाठीमागून चालवायची. लितियानाला पाण्यातलं बघायला तिनेच शिकवलं. कोणत्या भोकात ऑक्टोपस बसलाय आणि कोणत्या भोकात वाम, हे भोकाच्या तोंडाशी पडलेल्या शिंपल्यांवरून ओळखायचं. “दिसला म्हणालीस ना, मग घाल हात. पूर्ण घाल. घाबरत अर्धा हात घालणाऱ्याचंच बोट वाम धरते.” आठ वर्षांच्या पोरीला ती हे सांगायची, आणि पोरगी रडत रडत खांद्यापर्यंत हात घालायची.

तर तो सामना. वातुसोली, म्हणजे आकोसिताचं माहेर, आणि डोंगरापलीकडचं एक गाव, यांच्यात शेवटचा सामना होता. मैदान नालोमाचं, समुद्राला लागून. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती, आणि चुन्याच्या रेघा ओल्या होऊन लापशीसारख्या झाल्या होत्या. शेवटचं मिनिट चालू होतं आणि वातुसोली चार गुणांनी मागे होती. तेवढ्यात सावेनाथाला चेंडू मिळाला. तो कडेने सुटला तो सुटलाच. दोघांना चुकवलं, तिसऱ्याने कमरेला हात घातला तो झटकून टाकला, आणि पाच गुणांसाठी टोकाच्या रेघेपलीकडे चेंडू टेकवून उताणा पडला. वातुसोलीच्या बायका नाचत मैदानात घुसल्या.

लितियाना त्याच्यापासून दहा पावलांवर, बाजूच्या रेघेच्या सरळ ओळीत उभी होती. कमरेला हात पडला तेव्हा सावेनाथाचा उजवा पाय बाहेर गेला आणि बाजूच्या रेघेवर पडला. ओला चुना उडाला. पाय रेघेला लागला की खेळाडू बाहेर, पुढे त्याने काय केलं याला अर्थ नाही. तिने तेव्हाच शिट्टी मारली होती, गोंगाटात कुणी ऐकली नाही. आता तिने हात बाजूला केला आणि म्हणाली, “बाहेर.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं. केमुएली, आकोसिताचा थोरला भाऊ, वातुसोलीच्या संघाचा कारभारी आणि सावेनाथाचा बाप, खुर्ची मागे लोटून धावत आला. त्याच्यामागे शंभरेक माणसं. रेघ होती तिथे क्षणात चिखल झाला. केमुएलीने तिच्या गळ्यातली शिट्टी मुठीत धरली आणि दोरीसकट तिला खेचलं.

“कुणाची लेक आहेस तू? कुणाचं रक्त आहे तुझ्यात?”

“मामा, पाय लागला. मी बघितला.”

“भाचीने आजोळातून कोंबडी न्यावी, डुक्कर न्यावं, चटई न्यावी. आम्ही कधी नाही म्हणालो? पण सामना नेतेस? आमच्या तोंडातला घास परक्याला देतेस?”

दोरी तुटली. त्याआधी गळ्यात रुतली. विलिकेसा सरांनी आणि दोन पोलिसांनी मिळून तिला बाहेर काढलं. सावेनाथा अजून तिथेच होता, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत. लितियानाने जाता जाता त्याच्याकडे पाहिलं. त्याने बुटाच्या नाडीकडे पाहिलं.

घरी आल्या आल्या ती आईला म्हणाली, “पाय लागला होता. चुना उडाला.” आकोसिताने खोबरेल कोमट करून वळावर लावलं. लावून झालं तरी ती पुन्हा लावत राहिली. मायेने असेल असं लितियानाला वाटलं. ती माया नव्हती.

पहिले तीन दिवस लितियाना नुसती संतापलेली होती. चौथ्या दिवशी गावप्रमुख आपेनिसा दारात येऊन बसला. भला माणूस, पण भांडण दिसलं की वाट बदलायचा.

“चूक कुणाची ते मी बोलत नाही,” तो म्हणाला. “पण वातुसोलीशी आपली सोयरीक आहे. त्यांची पोरं आपल्या शाळेत येतात. यांगोनाच्या मुळ्यांची एक जुडी घेऊन जाऊ, माफी मागू. दोन शब्द तर बोलायचे. आणि खरं सांग, लितियाना, इतक्या गडबडीत तुला नक्की दिसलं असेल का? माणसाचेच डोळे.”

हे शेवटचं वाक्य त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण त्यानेच घात केला. लितियाना पाटी घेऊन रस्त्यावर उभी राहायची आणि तिच्या डोळ्यांपुढे तो पाय पुन्हा पुन्हा पडायचा. कधी रेघेवर. कधी रेघेच्या आत, बोटभर. चुना उडाला तो पायाने की मागून येणाऱ्याच्या पायाने? ती उभी होती ती ओळीतच, की एक पाऊल मागे? शेकडो माणसं म्हणतात आत होता, एकटी मी म्हणते बाहेर. शेकडो माणसं आंधळी कशी असतील? एकदा या विचारात तिने पाटी उलटी धरली आणि दोन ट्रक समोरासमोर आले. मुकादमाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या. तिने खाली मान घालून ऐकून घेतल्या.

शनिवारी दुपारी आकोसिता नारळ किसत बसली होती. लितियाना समोर येऊन बसली.

“आई, मी जाते आपेनिसांबरोबर. मागते माफी. संपेल एकदाचं.”

किसणीवरचा हात थांबला. “पाय लागला होता का?”

“लागला होता बहुतेक.”

“काय म्हणालीस?”

“बहुतेक लागला होता.”

“बहुतेक.” आकोसिताने अर्धा किसलेला नारळ परातीत आपटला. “या घरात हा शब्द कुठून आला? आपेनिसा ठेवून गेला वाटतं. ऊठ.”

“कुठे?”

“ऊठ म्हणते ना.”

ती लेकीला मैदानावर घेऊन गेली. रिकामं मैदान. दोन बकऱ्या चरत होत्या. वाटेत आकोसिताने आपेनिसाच्या परसातून चुन्याची अर्धी पिशवी न विचारता उचलली, रेघ होती तिथे हाताने रेघ ओढली, वर डबक्यातलं पाणी शिंपडलं. मग एक सोललेला नारळ काखेत मारला आणि परकराचा काठ वर खोचला.

“त्या दिवशी होतीस तिथे उभी राहा. नेमकी तिथेच.”

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. तिकीट नाही.”

आणि अठ्ठावन्न वर्षांची, शंभर किलोची आकोसिता रेघेच्या कडेने धावत सुटली. बकऱ्या पळाल्या. लितियानापाशी आल्यावर तिने पाय बाहेर टाकला. “लागला?”

“नाही.”

परत मागे गेली, परत धावली. “आता?”

“लागला.”

“किती?”

“अंगठा.”

परत. कधी ती मुद्दाम टाच टेकवायची, कधी नुसतं भासवून पाय आत घ्यायची, कधी चवडा अगदी दोऱ्याएवढा रेघेवर ठेवायची. लितियाना सांगायची आणि आई खाली वाकून खूण बघायची. आठ झाल्या, नऊ झाल्या. दहाव्या खेपेला लितियाना म्हणाली, “नाही लागला.” आकोसिताने पाय उचलून दाखवला. करंगळीच्या बाजूला चुना होता.

लितियानाचा चेहरा पडला. “बघ. चुकते मी. त्या दिवशीही असंच झालं असेल तर?”

आकोसिता तिथेच चिखलात बसली. छाती भात्यासारखी हलत होती.

“चुकतेस ना. दहात एकदा चुकतेस,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक असू दे. पण आता उत्तर द्यायच्या आधी तू थांबलीस. मी बघितलं. आधीच्या नऊ वेळा थांबली नव्हतीस. त्या दिवशी शिट्टी मारायच्या आधी थांबली होतीस?”

लितियानाने आठवून पाहिलं. “नाही.”

“घरी येऊन पहिलं काय म्हणालीस?”

“पाय लागला, चुना उडाला.”

“त्यात बहुतेक होतं?”

“नव्हतं.”

“मग ते नंतर कुणी घातलं तुझ्या डोक्यात? पाय तर तेवढाच होता. वाढले ते ओरडणारे.” आकोसिताने नारळ लांब फेकून दिला. आता तिचा आवाज बदलला होता. “तुझ्या बापाची बोट मी बघितली होती.”

लितियानाला आधी समजलंच नाही.

“वातुसोलीच्या चर्चचं छप्पर न्यायचं होतं. पत्रे आणि सिमेंटच्या गोण्या. केमुएली भरून घेत होता. मी किनाऱ्यावर होते, तू माझा परकर धरून. बोट मागून इतकी खाली बसली होती की लाट नसताना पाणी आत येत होतं. मी बघितलं. या डोळ्यांनी. मी इलिएसाला म्हणाले, दहा गोण्या काढा, बोट बसलीय. तुझा बाप थांबला. माझ्याकडे बघायला लागला. आणि केमुएली, माझ्याकडे न बघता, वाऱ्याशी बोलल्यासारखं म्हणाला, बायकांना चुलीकडे पाठवा कुणीतरी, बोटींचं पुरुष बघतील. सगळे हसले. मला वाटलं, एवढे दर्यावर्दी उभे आहेत, मी एकटी म्हणते. मीच चुकत असेन. बहुतेक.”

तिने पायावरचा चिखल बोटाने खरवडला.

“मी घरी गेले. भात टाकला.”

बोट परतली नाही. दोघे पोहत आले, इलिएसा आला नाही. एवढं लितियानाला ठाऊक होतं, सगळ्या बेटालाच ठाऊक होतं. अचानक वारा उठला, देवाची इच्छा, असंच सगळे सांगायचे. आईने ते एकवीस वर्षं ऐकून घेतलं होतं.

“तू कधी बोलली नाहीस,” लितियाना म्हणाली. तिला रडू येत नव्हतं. तिला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि त्यात थोडा आईचाही होता. “एकवीस वर्षं. मला सुद्धा नाही सांगितलंस.”

“नाही सांगितलं.”

“का?”

“कारण सांगितलं की प्रश्न येतो, दिसत होतं तर गप्प का बसलीस? आला ना आत्ता तुझ्याही तोंडावर?” आकोसिता हाताला रेटा देऊन उठली. “चल.”

“घरी?”

“वातुसोलीला.”

वातुसोली पाऊण तासाची वाट. आकोसिता तशीच निघाली, परकराला चुना, पाय चिखलाने भरलेले, आणि हात रिकामे. माहेरी रिकाम्या हाताने जाणं हीच मोठी आगळीक. त्यातून सख्ख्या थोरल्या भावाशी बहिणीने तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही पूर्वापार रीत. वयात आल्यापासून आकोसिता केमुएलीशी थेट बोलली नव्हती. निरोप असायचा तो वहिनीमार्फत. त्या दिवशी ती सरळ त्याच्या ओसरीवर चढली. सातआठ पुरुष यांगोना पीत बसले होते. बोलणं बंद झालं.

केमुएलीने बायकोला हाक मारली. “तिला विचार काय हवंय.”

“तिला नको विचारू,” आकोसिता म्हणाली. “मी तुझ्याशी बोलतेय. माझ्याकडे बघ.”

त्याने पाहिलं नाही. पण उठूनही गेला नाही.

“माझ्या पोरीच्या गळ्याला तू हात लावलास. का, तर तिला जे दिसलं ते ती बोलली. मला दिसलं होतं तेव्हा मी गप्प बसले, आणि त्याची किंमत तुला ठाऊक आहे. बोट मागून बसली होती, केमुएली. मी सांगितलं होतं. तू ऐकलं होतंस. या दोघांनीही ऐकलं होतं.” तिने कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांकडे बोट केलं. एकाने करवंटी खाली ठेवली. “तुम्ही हसला होतात.”

केमुएली जमिनीकडे बघत म्हणाला, “वारा उठला होता.”

“वारा दुपारनंतर उठला. बोट सकाळीच बुडायला आली होती.”

“तू काय मागायला आलीस?”

“काही नाही. माफी मागायला माझी पोर येणार नाही, एवढं सांगायला आले. आपेनिसाची जुडी आली तर ती त्याची त्याची, आमची नाही.”

ती उतरली. लितियाना तिच्यामागे. वहिनी कुंपणापर्यंत धावत आली आणि काहीच न बोलता आकोसिताच्या हातात अळूसारख्या टॅरोचे दोन कांदे कोंबून परत गेली. आकोसिताने ते वाटेत फेकले नाहीत. रात्री शिजवले.

पण जग काही दुसऱ्या दिवशी सरळ झालं नाही. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. आकोसिताचे मासे दोन रविवार तसेच उरले. आणि विलिकेसा सरांनी पुढच्या स्पर्धेच्या पंचांच्या यादीतून लितियानाचं नाव गाळलं. “थोडं शांत होऊ दे,” ते म्हणाले. “तुझ्याच भल्यासाठी.”

त्याच आठवड्यात डोंगराच्या वळणावर सावेनाथाचा ट्रक आला. लितियानाने पाटी फिरवली. ‘थांबा’. समोरून कुणी येत नव्हतं. तरी तिने पाटी तशीच धरली आणि खिडकीपाशी गेली.

“उतर.”

“अगं, ओंडके आहेत मागे, उतारावर ब्रेक...”

“पाय लागला होता का?”

सावेनाथाने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मागे बस येऊन थांबली, तिच्यामागे उसाचे दोन ट्रक. हॉर्न सुरू झाले. “लागला होता,” तो हळूच म्हणाला. “मला कळलं तेव्हाच. बूट पांढरा झाला होता. मी गवतावर पुसला.”

“मग बोल ना. चर्चमध्ये बोल. बापासमोर बोल.”

“तू ओळखतेस त्यांना. ते मला घरात घेणार नाहीत.”

“माझा गळा धरला तेव्हा तू बुटाच्या नाडीकडे बघत होतास.”

बसमधले लोक खाली उतरले होते, दोन्ही गावांतले. “काय झालं? कुणाची वाट बघतोय आपण?” लितियाना म्हणाली, “याला विचारा. हा सांगेल.” सगळे सावेनाथाकडे बघायला लागले. त्याने ओठ ओले केले. मग एकदम त्याच्या तोंडावर ते नेहमीचं हसू आलं, आणि तो मोठ्याने, छातीवर हात मारून म्हणाला, “कबूल, बाईसाहेब, कबूल. पाय लागला होता, ढोपरापर्यंत लागला होता, वाटलं तर समुद्रात जाऊन आलो होतो. आता सोडा गरिबाला.”

बस खदखदून हसली. मामेभाऊ आतेबहिणीची टर उडवतोय, यात विशेष ते काय? एवढ्या लोकांपुढे त्याने खरं सांगितलं, आणि एकालाही ते खरं वाटलं नाही. लितियाना संतापाने लाल झाली. तिने पाटी फिरवली. ट्रक गेला, बस गेली. सगळे गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की जे ऐकायला ती महिनाभर तळमळत होती ते तिने ऐकलं होतं, आणि तिला नवीन काही कळलं नव्हतं. ते तिला मैदानावरच कळलं होतं, आई चिखलात बसली तेव्हा. राग होता तो सावेनाथाच्या भित्रेपणाचा. स्वतःबद्दलची शंका त्यात कुठे नव्हती.

कामाच्याच कपड्यांत ती शाळेत गेली. विलिकेसा सर वह्या तपासत होते.

“सर, माझी चूक दाखवा आणि मला काढा. मी हूं की चूं करणार नाही. पण भांडण नको म्हणून मला काढू नका. उद्या कुणीही पंचाचा गळा धरेल, आणि तुम्ही पंच बदलाल.”

“लितियाना, केमुएलीने धमकी दिलीय. संघ काढून घेईन म्हणतोय.”

“घेऊ दे. सहा संघांत होईल स्पर्धा.”

सरांनी चष्मा काढून पुसला. ते शूर माणूस नव्हते. पण शिबिरात चौदा जणांना शिकवलेलं त्यांना आठवत असावं. त्यांनी तिचं नाव यादीत घातलं. आणि केमुएलीने संघ काढला नाही. पोरांनीच ऐकलं नाही त्याचं.

स्पर्धेत वातुसोलीचा सामना तिच्याच वाट्याला आला. केमुएली आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता. पहिल्या अर्ध्यात तिने वातुसोलीच्या एका पोराला नियमाविरुद्ध पुढे चेंडू फेकल्याबद्दल थांबवलं, आणि शिट्टी वाजली त्याच क्षणी तिला कळलं की चेंडू त्याच्या हातून नव्हे, समोरच्याच्या खांद्याला लागून पुढे गेला होता. चूक तिची होती. आता फिरवलं तर पलीकडचं गाव म्हणणार, मामाला घाबरली. नाही फिरवलं तर कुणाला कळणारही नव्हतं. तिने दोन्ही कप्तानांना बोलावलं.

“मी चुकले,” ती म्हणाली. “चेंडू वातुसोलीचा.”

अपेक्षेप्रमाणे पलीकडून बोंब उठली. “मामाची मांडी आठवली काय ग?” “गळ्यात नवी दोरी बांधून देऊ का?” लितियानाचे कान तापले. तिने कुणाकडे पाहिलं नाही. शिट्टी मारली आणि खेळ सुरू केला. त्या सगळ्या गोंगाटातही माशांच्या टोपलीमागून एक आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. “आधीच बघायचं ना. दोनदा का बघावं लागतं तुला?”

वातुसोली तो सामना हरली. या खेपेला मैदानात कुणी घुसलं नाही.

पाच महिन्यांनी, नीरफणस पिकायच्या दिवसांत, केमुएली नालोमात आला. रीतीप्रमाणे बोलायला एक वडीलधारा माणूस पुढे, हातात माफीसाठी समोर ठेवायचा देवमाशाचा दात, जो उचलला की माफी मिळाली, आणि मागे केमुएली, मान खाली. अंगणात चटईवर बसले. वडीलधाऱ्याने रीतीचे शब्द सुरू केले, रक्त एक आहे, मुळं एक आहेत, वगैरे. आकोसिताने मध्येच विचारलं, “हे पोरीच्या गळ्यासाठी आहे की इलिएसासाठी?”

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. केमुएलीच्या कानशिलावरची शीर हलली. “पोरीसाठी,” तो म्हणाला.

“मग पोरीसमोर ठेवा. माझ्यासमोर नको.”

दात लितियानासमोर ठेवला गेला. तिने लगेच हात लावला नाही. मामा खूप म्हातारा दिसत होता, आणि तरीही तिला त्याची दया येत नव्हती. शेवटी ती म्हणाली, “मामा, पाय लागला होता.”

“लागला असेल,” केमुएली म्हणाला.

“असेल नाही.”

कोंबड्या चटईवरून फिरून गेल्या. “लागला होता,” तो म्हणाला, इतक्या हळू की म्हाताऱ्याला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. मग लितियानाने दात उचलला.

दुसऱ्या कामासाठी, इलिएसासाठी, केमुएली अजून आलेला नाही. आकोसिता त्याच्याशी बोलत नाही. पूर्वीही बोलत नव्हती, पण तेव्हा ती रीत होती. लितियाना आता लंबासात पंचांचं शिबिर घेते. गेल्या खेपेला एकोणीस जणांत सहा मुली होत्या. त्यांतली एक सारखी म्हणत होती, मला वाटतं लागला, मला वाटतं लागला. लितियानाने तिला रेघेवर उभं केलं, स्वतः चेंडू काखेत मारला, दुखरा गुडघा चोळला आणि धावायला मागे गेली.